फेच्के घोडीचा मेणातला तुकडा

होमोकरेत, ९ सप्टेंबर १९९०

लोरांद,

पत्र्याच्या गव्हाणीवर रक्त टपकतानाचा आवाज तुझ्या कानात राहिला आहे का? माझ्या आहे. टप्. मग इतका वेळ शांतता, की वाटावं थांबलं. मग पुन्हा टप्. सकाळची वेळ होती, ओट्स घालून झाले होते, आणि तबेल्यातल्या चाळीस घोड्यांच्या चावण्याच्या आवाजातूनही तो वेगळा ऐकू येत होता. फेच्के खात नव्हती. मान खाली घालून उभी होती आणि डाव्या नाकपुडीतून तिचं रक्त गव्हाणीत पडत होतं.

अक्षर ओळखलं नसशील. हात थरथरतो आता. मी वेंडेल. तोबियाश गुरुजींच्या शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसणारा, तू कविता विसरलास की पाठीत बोट खुपसून पुढची ओळ पुरवणारा. पुढे अकरा वर्षं तुझ्या प्रयोगशाळेत मेणात बसवलेल्या तुकड्यांचे काप घेणारा. आणि बोल्दिझारचा धाकटा भाऊ. या शेवटच्या ओळखीनं तरी आठवलो असेन.

वर्तमानपत्रात तुझा फोटो पाहिला. वीस ऑक्टोबरला आपल्या अश्वपैदास केंद्राच्या दवाखान्याला तुझं नाव देणार आहेत. बातमी लिहिणाऱ्या पोरीनं मोठ्या कौतुकानं समजावून सांगितलं आहे, की घोड्याच्या कानामागे, जबड्याच्या आतल्या अंगाला, दोन्ही बाजूंना हवेनं भरलेली एकेक पातळ पिशवी असते, तिच्या छतावरून मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी जाते, आणि या हवापिशवीवर प्राध्यापक लोरांद यांनी आयुष्य वेचलं. वाचून मी इतका हसलो की चुलीवरचा प्लमचा मुरंबा खाली लागला.

आयुष्य कुणाचं वेचलं, ते त्या पोरीला ठाऊक नाही. मी सांगणार आहे. आधी तुला, मग सगळ्यांना.

बावन्न सालच्या वसंतात फेच्के आपल्या केंद्राची सगळ्यात देखणी घोडी होती. नावासारखीच पाकोळी. उन्हाळ्यात ती परदेशी पाहुण्यांना भेट म्हणून द्यायची ठरली होती. आणि मार्चपासून ती घास गिळेना. प्यायलेलं पाणी नाकावाटे परत येई. दादा, म्हणजे बोल्दी, तिचा मोतद्दार, तुझ्याकडे तीनदा आला. मी तिथेच होतो, सुरीला धार लावत. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हिच्या नाकातून रक्त येतंय. थोडंच येतं, पण रोज येतं." तू म्हणालास, "गव्हाणीवर नाक घासते रे ती. तू घोडा सांभाळतोस की नवरी?"

चौथ्यांदा तू सांगितलंस, नाकातून नळी घालून पेज दे. त्यानं दिली. जशी नेहमी द्यायचा तशीच, नळीला लोणी लावून, तिच्या कानाशी पुटपुटत. सहा दिवस. सातव्या दिवशी सकाळी ते टप्, आणि तासाभरानं दोन्ही नाकपुड्यांतून धार. बादल्या भरल्या. ती गुडघ्यांवर बसली आणि मग कलंडली.

अहवालावर तुझी सही आहे. नळी चुकीच्या रीतीनं घुसवल्यामुळे हवापिशवी व रक्तवाहिनी फाटून मृत्यू. बापाची चाळीस एकर जमीन होती म्हणून त्या राजवटीच्या न्यायालयाला त्यात वर्गशत्रूचा हात दिसायला वेळ लागला नाही. दादाला तीन वर्षं दगडाच्या खाणीत. त्याच हिवाळ्यात आई गेली. तिला पोचवायलाही त्याला सोडलं नाही.

बाकीचं पुढच्या पत्रात. तू वाचत राहा. पळायला आता तुझ्याकडे पाय कुठले आहेत?

वेंडेल


होमोकरेत, २३ सप्टेंबर १९९०

लोरांद,

उत्तर नाही. तू कविता म्हणायला उभा राहिलास की असाच गप्प व्हायचास. ‘मैदानाच्या कडेवरी धूळ उठे ती कुणाची?’ एवढं म्हणून तुझी वाचा बसायची, आणि मी मागून कुजबुजायचो, ‘घोडा आला मोकळाच, वाट पाहे आई त्याची.’ साऱ्या वर्गाला ती साधी घोड्याची कविता वाटे. गुरुजी मात्र तिथे खिडकीबाहेर बघत. त्यांचा मुलगा युद्धात गेला होता हे आपल्याला किती उशिरा कळलं! त्या वर्गाच्या लाकडी जमिनीला तेल लावायचे, त्याचा वास मला अजून कधीकधी येतो आणि मी स्वयंपाकघरात उभा राहून अख्खी कविता म्हणतो. ऐकायला कुणी नसतं.

असो. आता ऐक, मी काय केलं ते.

फेच्केचा तुकडा माझ्याकडे आहे.

दचकलास? हवापिशवीच्या छताचा, बोटाच्या पेराएवढा, रक्तवाहिनीसकट. अडतीस वर्षं मेणाच्या ठोकळ्यात. छप्पन सालच्या उठावाच्या गोंधळात तू सगळी कपाटं रिकामी करून जाळायला सांगितलीस, तेव्हा मी तो खिशात घातला. मेणातलं मांस कुजत नाही, लोरांद. ते वाट बघतं.

ठोकळा घेऊन मी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथे नोएमी नावाची तरुण डॉक्टर आहे. मला म्हणाली, "आजोबा, काप मी घेऊन देते, तुम्ही बसा." मी म्हटलं, "पोरी, तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून मी काप घेतोय, तूच बस." हसली आणि यंत्रापासून बाजूला झाली. हात थरथरतो माझा, पण यंत्राच्या चाकावर ठेवला की थांबतो. मेणाची फीत निघाली, अखंड, एकाही कापाला चूण नाही. ती म्हणाली, "बाई गं!"

आपल्या वेळी आपण जांभळा आणि गुलाबी, दोनच रंग वापरायचो. आता चांदीचा रंग आहे. त्यात बाकी सगळं हिरवं होतं आणि बुरशी तेवढी काळी दिसते. अहवालाच्या वेळी तो असता तर तुझी सही कुठे बसली असती, सांग!

काचपट्टी भिंगाखाली ठेवली. सगळ्यात आधी ते आवरण दिसलं. आठवतं? उंच उंच पेशींची रांग, आणि त्यांच्या माथ्यावरची ती बारीक लव, जिवंतपणी सतत हलणारी, आत आलेली धूळ पुढे सरकवत बाहेर काढणारी. मधेमधे बुळबुळीत पाझराच्या फुगीर पेशी. मला ते दृश्य नेहमी वाऱ्यातल्या कोवळ्या ओटाच्या शेतासारखं वाटायचं. तुला एकदा सांगितलं होतं, तर म्हणालास, "वेंडेल, तू काप घे, कविता राहू दे." मग मी पट्टी सरकवली. शेत संपलं. पुढे आवरणच नव्हतं, करपल्यासारखी उघडी जमीन. आणि तिच्याखाली, रक्तवाहिनीच्या भिंतीत, काळे धागे. पेरापेरांचे, निमुळत्या फाट्यांचे, स्नायूंच्या थरांतून आरपार घुसलेले. एक तर वाहिनीच्या आतल्या अस्तरापर्यंत पोचला होता.

अहवालात काय लिहिलं होतं ते मी तिला सांगितलं होतं. नोएमीनं बघितलं आणि म्हणाली, "ही तर पुस्तकातल्यासारखी बुरशी आहे. महिन्याभराची तरी. नळीचा काय संबंध?"

काय संबंध! परक्या पोरीनं एका मिनिटात विचारलं. तुला अडतीस वर्षांत सुचलं नाही.

आणि बुरशी आली कुठून? आदल्या उन्हाळ्यात गवत ओलं असतानाच गंजीत रचलं, कारण वरच्या साहेबांना आकडा कळवायचा होता. बोल्दी म्हणाला होता, गंजीतून वाफ येते, हात घालवत नाही. ‘चारा योग्य’ असा शेरा कुणाचा होता? दोनदा विचारत नाही.

नोएमी आणखी एक विचारत होती, की वरची खपली कुठे गेली, बुरशीची जाड खपली असायला हवी, तुकडा इतका स्वच्छ कसा. मी म्हटलं, त्या काळी सगळेच तुकडे धुवायचे. मग आम्ही कॉफी प्यायलो.

वेंडेल


होमोकरेत, ५ ऑक्टोबर १९९०

लोरांद,

अजून गप्प. टपालवाली वेरोन मला चिडवते. "वेंडेलकाका, या वयात कुणाला एवढी जाडजूड पत्रं? ती काही उत्तर देत नाही वाटतं!" मी म्हटलं, देईल, देईल, लाजाळू आहे. ती म्हणाली, "मग दुसरी बघा. कोपऱ्यावरची विधवा तुमच्या मुरंब्याची चौकशी करत होती."

पंधरा दिवस उरले. मला काय हवं आहे ते स्वच्छ लिहितो.

वीस तारखेला तुझ्या नावाच्या पाटीवरचा पडदा सरकला की तू बोलायला उभा राहशील. तेव्हा तू मोठ्यानं म्हणायचं: फेच्के घोडी बुरशीनं मेली. बोल्दिझारनं तिला मारलं नाही. हे मला तेव्हाही कळायला हवं होतं. तीन वाक्यं. तुला पाठ होणार नसतील तर कागदावर लिहून ने, आता मागच्या बाकावर कुणी नाही.

नाही म्हणालास, तर मी सूक्ष्मदर्शक घेऊन येईन. नोएमी देणार आहे. पहिल्या रांगेसमोर टेबल मांडीन आणि एकेकाला बोलावीन. महापौर, राजधानीतले प्राध्यापक, तुझे विद्यार्थी, तुझी नातवंडं. बघा, म्हणेन, एक डोळा मिटून बघा, हे तुमच्या गुरुजींचं आयुष्यभराचं काम. मी रोज सकाळी दाढी करताना ते दृश्य बघतो. तुझा चेहरा आधी लाल होतो, मग मेणासारखा. लोरांद, मला इतकं गोड बऱ्याच वर्षांत काही लागलेलं नाही.

तुला वाटत असेल, म्हातारा वेडा झाला, अडतीस वर्षांनी कोण विचारतं घोडीला. घोडीला नाही रे. बोल्दी जिवंत आहे. बारा किलोमीटरवर, कुताश गावाच्या पलीकडे, मधमाश्या पाळतो. खाणीतून सुटला तो थेट तिकडेच गेला. त्या दिवसापासून त्यानं घोड्याला हात लावलेला नाही. शेजाऱ्याचा घोडा गाडीला जोडायचा असला तरी पाठ फिरवून उभा राहतो. त्यालाच वाटतं की नळी त्याच्या हातून चुकली. कळतंय तुला? तुझा तो कागद न्यायालयानं मानला त्याचं मला काही नाही, न्यायालयं काहीही मानतात. त्यानं मानला. खटल्यात तो म्हणाला होता, "डॉक्टर म्हणतात तर तसंच असेल. पण मी हळूच घालत होतो."

माझ्या उंबऱ्यावर तो आलेला नाही. पंचावन्न सालापासून. दरवर्षी सगळ्या संतांच्या सणाला आईच्या कबरीवर दोघं शेवंती ठेवतो, तो डावीकडून, मी उजवीकडून, आणि तो टोपीला हात लावतो. तेवढंच. काचपट्ट्यांच्या नोंदवहीत माझी सही होती, ती न्यायालयात वाचून दाखवली. तो आत गेला आणि मी तुझ्या प्रयोगशाळेत राहिलो, हे त्याला पुरेसं होतं.

म्हणून ती तीन वाक्यं हवीत. तुझ्या तोंडून. मी सांगितलेलं तो ऐकून घेणार नाही.

वेंडेल


होमोकरेत, ११ ऑक्टोबर १९९०

आलं शेवटी तुझं उत्तर! एक पोस्टकार्ड, एक ओळ. ‘तुकडा धुतला कोणी, ते लिहायचं राहिलं तुझं.’ अक्षर अजून तसंच, डावीकडे झुकलेलं, भित्रं.

नीच माणसा. तुला वाटलं, एवढ्यानं मी गप्प बसेन?

मी धुतला. घे. लिहून देतो.

मीच धुतला, कारण तुझ्या प्रयोगशाळेची ती पद्धत होती. आलेला प्रत्येक तुकडा आधी मिठाच्या पाण्यात, मग खारीच्या केसांच्या ब्रशानं हळूहळू, कारण तबेल्यातल्या जनावराच्या नाकातोंडात गवताची कुसं असतात, ती सुरीची धार मारतात आणि काप फाटतो. राजधानीत लोक म्हणायचे, होमोकरेतचे काप बघा, आरशासारखे. ते माझे काप होते. मला त्याचा गर्व होता, आहे. फेच्केच्या तुकड्यावर पिवळट करडी खपली होती, वर काळे ठिपके, थडग्यावरच्या दगडफुलासारखी. मला वाटलं, रक्तात चिकटलेला भुसा. तू बाजूला उभा होतास, हातमोजे काढत, आणि म्हणालास, "नीट धू." तू ती खपली आधीच पाहिली होतीस. तुला कळली होती. मी धुतली. नळाखाली ती भिजलेल्या पावासारखी सुटत गेली आणि मोरीत गेली.

मग काप घेतले. भिंतीत फिकट, बिनरंगी धागे दिसले, जेमतेम. मी तुला हाक मारली. तू वाकून बघितलंस आणि म्हणालास, "ब्रशाचे केस आहेत, वेंडेल. आज हात चालत नाही वाटतं तुझा?" आणि मी लाजलो. दुसऱ्या कुणालाही शंका आली असती. पण ज्यानं स्वतः ब्रश फिरवलाय त्याला आधी आपली चूकच दिसते. माझ्या कापात केस! मी ठोकळा फिरवला, दुसऱ्या बाजूनं चांगला काप घेतला, जिथे नुसतीच फाटलेली वाहिनी होती, आणि नोंदवहीत सही केली. त्यावर तू अहवाल लिहिलास.

इथपर्यंत तुझं पाप. आता पुढचं पण वाच, तुला तेच हवं आहे ना?

पंचावन्नच्या एप्रिलमध्ये जर्मन मासिकाचा अंक आला. तू परिषदेला गेला होतास. त्यात चित्र होतं. तेच धागे, तसेच फाटे, तीच वाहिनी. खाली लिहिलं होतं, बुरशी. मी खुर्चीत बसलो तो संध्याकाळी झाडूवाली आली तेव्हा उठलो. आणि त्याच महिन्याच्या अठरा तारखेला दादा सुटून आला. स्टेशनवर मी गेलो होतो. त्याच्या कोटात दोन माणसं मावली असती. त्यानं पहिलं काय विचारलं असेल? "वेंडी, तू तर आतून बघितलंस तिला. माझ्याच हातून झालं का रे?"

मी म्हटलं, मला काय कळतं, मी नुसते काप घेतो.

मला नोकरी हवी होती. भीती होती. लग्न ठरत होतं, नंतर तेही मोडलं. कारणं देत नाही, ती तुझ्यासारखी माणसं देतात. पण त्यानं तिथेच फलाटावर मान हलवली, ‘तेही खरंच’ म्हणाला, आणि त्या दिवसापासून घोड्याकडे पाठ. त्याला मी सांगितलेलं नाही. आजपर्यंत नाही. पस्तीस सणांना शेवंती ठेवून परत आलो.

आता तुला कळलं मला तुझीच तीन वाक्यं का हवीत. तुझ्या तोंडून आली तर त्याला तेवढीच कळतील. मोरीतली खपली आणि तो फलाट कळायचं कारण नाही. हे पत्र वाचून जाळ. कपाटं जाळायची तुला सवय आहे.

वीस तारखेला बोललास तर सूक्ष्मदर्शक घरी राहील. नाहीतर राहणार नाही. बाकी मी तुला माफ करणार नाही, कुठल्याच बाजूनं.

वेंडेल


होमोकरेत, १८ ऑक्टोबर १९९०

लोरांद,

तुझं दुसरं कार्ड काल मिळालं. ‘तुझं पत्र मी योग्य माणसाकडे पाठवलं आहे.’

मी रात्रभर विचार करणार होतो, पण छान झोप लागली. सकाळी उठून दोनदा वाचलं. योग्य माणूस म्हणजे समारंभाचा अध्यक्ष, दुसरं कोण? तू त्याला दाखवलंस, की हा बघा, हा स्वतःच गुन्हेगार आहे, याला दारात उभं करू नका. हुशार आहेस. पण पत्रात तुझी ‘नीट धू’ पण आहे, तुझे ब्रशाचे केस पण आहेत. अध्यक्षाला वाचता येत असेल तर आपण दोघंही बुडालो, आणि मला ते चालतं. बुडताना तुझी मान माझ्या हातात असली की झालं.

तयारी झाली आहे. नोएमी परवा गाडी घेऊन येते. म्हणाली, "आजोबा, खात्री आहे ना? त्या माणसाची पुस्तकं वाचून मी शिकले." मी म्हटलं, मग तू पहिली बघ. काळा कोट उन्हात टाकलाय. तीन काचपट्ट्या निवडल्या, कापसात गुंडाळल्या. त्यातली मधली सर्वांत सुंदर आहे. खरंच सुंदर, लोरांद. काळे धागे हिरव्यावर, पानगळीनंतरच्या रानासारखे. तोबियाश गुरुजींना दाखवावंसं वाटलं. त्यांनी त्यावर आपल्याला आठ ओळी लिहायला लावल्या असत्या.

फाटकाशी कुणीतरी सायकल टेकवतंय. वेरोन असेल. नाही, तिची पिवळी असते, आणि ती कधीच घंटी वाजवल्याशिवाय थांबत नाही.

उंच माणूस आहे. एक खांदा खाली उतरलेला. टोपी काढली नाही. माझ्या कोटाजवळ थांबला, दोरीवरच्या, बघतोय त्याच्याकडे. हातात लिफाफा आहे. लांबूनही ओळखू आला मला, माझ्याच हातचा आहे, कडा मीच डिंकानं चिकटवलेली.

लोरांद, तू हे कसं केलंस.

तो बागेतून चालत येतोय. सावकाश. पायरीवर बूट पुसतोय, आई पुसायला लावायची तसे, आधी डावा. मी उठलेलो नाही. हात मात्र लिहितोय.

ठोठावतो आहे.

"दार उघड, वेंडी," म्हणतोय. "चष्मा फुटलेला माझा, म्हणून वाचायला तीन दिवस लागले."